सेप्टिक टँक उपसायला गाडी बोलवताय? आधी झाकण शोधून ठेवा

आमच्या गाडीचा सगळ्यात जास्त वेळ जातो तो टाकी उपसण्यात नाही, झाकण शोधण्यात. घर बांधताना झाकणं असतातच, मग कोणी पार्किंगला पेव्हर ब्लॉक टाकतं, कोणी त्यावर कोबा करतं, कोणी तुळशीवृंदावन बांधतं, पुढे घर विकलं जातं आणि नव्या मालकाला एवढंच माहीत की टाकी "मागच्या बाजूला कुठेतरी" आहे. गाडी दारात उभी, पाईप अंथरलेले, आणि आमची पोरं पहार आपटून पोकळ आवाज कुठे येतोय ते बघतायत. तेवढ्यात पुढच्या घरचे फोन सुरू होतात. म्हणून बुकिंगच्या आदल्या दिवशी फरशी काढून झाकण दिसेल एवढं करून ठेवा. टाकीला बहुतेक दोन कप्पे असतात, दोन्हीची झाकणं मोकळी हवीत, एकाच बाजूने ओढलं तर दुसऱ्या कप्प्यातला गाळ तसाच राहतो आणि वर्षाच्या आत परत तुंबतं. पण झाकण उचलू नका, ते आम्हीच उचलणार, कारण आत गॅस साठलेला असतो.

यावरूनच दुसरी गोष्ट. "एक माणूस आत उतरवून तळ खरवडून द्या ना" असं अजूनही बरेच जण सांगतात. आम्ही माणूस उतरवत नाही, जादा पैसे दिले तरी नाही. हायड्रोजन सल्फाइडचा सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकाला तो वास कळेनासा होतो आणि आतला माणूस सावध व्हायच्या आधीच पडतो, त्याला काढायला उतरलेलाही जातो. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवायला बंदी आहे, आणि ती फक्त नगरपालिकेला नाही, कामाला लावणाऱ्या कोणालाही आहे, पहिल्याच गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाख केली. तळाचा घट्ट गाळ आम्ही वरून प्रेशरने पाणी मारून सैल करतो आणि ओढतो. थोडा गाळ मुद्दाम ठेवतो, त्यातल्या जिवाणूंवरच टाकी पुन्हा चालू होते.

आता रेट. "दुसरा गाडीवाला कमी घेतो." घेत असेल, पण तो मैला कुठे ओततो ते एकदा विचारा. ओढ्यात ओतला की तो नदीत जातो आणि खालच्या गावाच्या जॅकवेलमध्ये, म्हणजे नदीतून पिण्याचं पाणी उचलायच्या विहिरीत येतो. आम्ही नगरपरिषदेच्या प्रक्रिया केंद्रावर नेऊन रिकामी करतो, तिथे नोंद होते, त्याची पावती तुम्हाला देतो. लांबची फेरी आणि तिथली फी बिलात येते, ते लपवायचं काही कारण नाही.

काही जण विचारतात की रेट सरकार का ठरवत नाही. विजेला वीज नियामक आयोग आहे. पाण्याला २००५ च्या कायद्याने आलेलं जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आहे, पण ते धरणातून उचलायच्या पाण्याचे ठोक दर ठरवतं, तुमची घरपोच पाणीपट्टी नगरपालिकाच ठरवते. मैला उपशाचं तर सगळं स्थानिक संस्थेवरच, प्रदूषण मंडळ वरून बघतं. त्यामुळे गावागावात वेगळा कारभार. वाई आणि सिन्नरने मात्र चांगली वाट काढली, तिथे २०१८ च्या सुमारास ठरावीक फेरीने उपसा सुरू झाला, साधारण ३ वर्षांत प्रत्येक टाकीची पाळी येते, काम खासगी ठेकेदार करतो, पैसे नगरपालिका कराच्या रकमेतून देते, तेही रिकाम्या केलेल्या टाक्या मोजून. घरमालकाला ऐनवेळी पैसे काढावे लागत नाहीत आणि गाडीवाल्याला ओढ्यात ओतून पैसे वाचवायचा मोह राहत नाही. आपल्याकडे असं झालं तर आमचे मनमानी रेटवाले स्पर्धक जातील, आम्हाला ते हवंच आहे.

तोपर्यंत टाकी भरून अंगणात वाहायची वाट बघू नका, २-३ वर्षांनी उपसून घ्या, शक्यतो मे संपायच्या आत, कारण पावसात शोषखड्डा पाणी घेत नाही आणि गाडीची चाकंही चिखलात रुततात. बुकिंग करताना व्हॉट्सअॅपवर झाकणाचा फोटो, रस्त्यापासून टाकीपर्यंतचं अंतर आणि गल्लीची रुंदी पाठवा, म्हणजे किती पाईप आणायचे आणि छोटी गाडी लागेल का ते आधीच ठरतं. मागच्या वेळची पावती असेल तर तिचाही फोटो टाका. जुन्या ग्राहकांच्या टाकीचा नकाशा आमच्याकडे असतो, त्यांना परत शोधाशोध करावी लागत नाही.