हवाई दलातील वैमानिक : हुद्दा आणि नेतृत्व

भारतीय हवाई दलात वैमानिक हा कमिशनप्राप्त अधिकारीच असतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाची विमाने सार्जंट हुद्द्याचे, म्हणजे कमिशन नसलेले, वैमानिकही चालवीत. भारतात आज तशी सोय नाही. हैदराबादजवळील दुंडिगल येथील अकादमीतून बाहेर पडणारा वैमानिक फ्लाइंग ऑफिसर होतो. पुढे फ्लाइट लेफ्टनंट, स्क्वॉड्रन लीडर आणि विंग कमांडर हे हुद्दे ठरावीक सेवाकाळ आणि आवश्यक पात्रता यांवर मिळतात, तर ग्रुप कॅप्टनपासून वर प्रामुख्याने निवडीने बढती होते.

ही नावे ब्रिटिश हवाई दलाने १९१९ मध्ये ठरवली. तेव्हा नावातच काम सांगितलेले होते (स्क्वॉड्रन लीडर म्हणजे स्क्वॉड्रनचा, विमानांच्या पथकाचा, प्रमुख), पण आता ती जुळणी राहिलेली नाही. १९४४ मध्ये इंफाळच्या लढाईत अर्जन सिंग यांनी पहिल्या स्क्वॉड्रनचे नेतृत्व केले ते स्क्वॉड्रन लीडर या हुद्द्यावरूनच. आज लढाऊ विमानांच्या स्क्वॉड्रनचा प्रमुख, म्हणजे कमांडिंग ऑफिसर, बहुधा विंग कमांडर किंवा ग्रुप कॅप्टन असतो. फ्लाइट कमांडर हा तर हुद्दा नव्हे, नेमणूक आहे. कोणता वैमानिक कोणत्या उड्डाणास तयार आहे हे पाहणे, त्याच्या प्रशिक्षणाचा क्रम लावणे आणि उड्डाणाला मंजुरी देणे ही त्याची रोजची कामे असल्याने स्क्वॉड्रनची उड्डाणसुरक्षा बरीचशी त्याच्या निर्णयावर अवलंबून असते. २०१९ मध्ये शालिझा धामी या पदावर नेमल्या गेलेल्या हवाई दलातील पहिल्या महिला अधिकारी ठरल्या. त्या वेळी त्यांचा हुद्दा विंग कमांडर होता.

हवेत नेतृत्व हुद्द्यापेक्षा पात्रतेवर ठरते, आणि या सेवेचे खरे वेगळेपण इथेच आहे. दोन विमानांच्या, मग चार विमानांच्या तुकडीचे नेतृत्व करण्याची पात्रता वैमानिकाला टप्प्याटप्प्याने मिळवावी लागते. त्यामुळे कनिष्ठ अधिकारी तुकडीच्या अग्रभागी आणि त्याचा वरिष्ठ त्याच्या मागे, असे घडू शकते. उड्डाणापुरती आज्ञा त्या कनिष्ठाचीच चालते. उड्डाणानंतरच्या चर्चेत चुका हुद्दा बाजूला ठेवून मांडाव्यात, अशी अपेक्षा असते. वरिष्ठांसमोर ते दर वेळी सोपे जात नाही.

हवाई दलप्रमुखाचा हुद्दा एअर चीफ मार्शल हा आहे. हृषीकेश मुळगावकर, प्रदीप नाईक आणि विवेक राम चौधरी हे मराठी अधिकारी या पदापर्यंत पोहोचले. मार्शल ऑफ द एअर फोर्स हा त्याहून वरचा सन्मानाचा हुद्दा २००२ मध्ये एकट्या अर्जन सिंग यांना मिळाला.