पोस्टफिक्स पदावलीचे मूल्यमापन

क्रियाचिन्ह दोन संख्यांच्या मध्ये न लिहिता त्यांच्या मागोमाग लिहिले, की ती पदावली पोस्टफिक्स होते. तिची किंमत स्टॅकच्या, म्हणजे शेवटी ठेवलेले आधी काढायच्या साठ्याच्या, साहाय्याने काढण्याची ही रीत. अशा लेखनात कंस लागत नाहीत व क्रियांचा अग्रक्रमही पाहावा लागत नाही.

कंसाविना लेखनाची कल्पना पोलिश तर्कशास्त्रज्ञ यान वुकाशेविच यांना १९२४ मध्ये सुचली; मात्र ते चिन्ह आधी लिहीत. चिन्ह शेवटी नेण्याचे श्रेय कोणाचे, याबाबत मतभेद आहेत. कोनराड झूझे यांच्या झेड३ यंत्रात (१९४१) दोन संख्या आधी नोंदकांत (संख्या तात्पुरत्या साठवण्याच्या जागांत) घेऊन मग क्रिया होई, म्हणून काही जण मूळ तिथवर नेतात. पण दोन नोंदकांना स्टॅक म्हणणे ओढाताणीचे आहे. कंसाविना लेखन वापरणाऱ्या तर्कयंत्रावरील बर्क्स, वॉरेन व राइट यांचा निबंध १९५४ चा. ऑस्ट्रेलियातील तत्त्वज्ञ चार्ल्स हॅम्ब्लिन यांनी १९५७ च्या सुमारास जॉर्ज ही आज्ञाप्रणाली याच लेखनावर उभारली, तर त्याच वर्षी जर्मनीत फ्रीडरिख बाउअर व क्लाउस झामेलझोन यांनी स्टॅकतत्त्वाच्या पेटंटसाठी अर्ज केला. हे दोन शोध परस्परांपासून स्वतंत्र मानणे अधिक सयुक्तिक वाटते. ॲलन ट्युरिंग यांची स्टॅकसारखी १९४६ ची योजना उपकार्यक्रमातून परतण्याचे पत्ते साठवण्यापुरती होती. अंकगणिताशी तिचा संबंध नाही.

पदावली डावीकडून एकदाच वाचतात. संख्या आली की पुश, म्हणजे ती स्टॅकवर ठेवणे. चिन्ह आले की वरच्या दोन संख्या पॉप करून (काढून घेऊन) आलेले उत्तर पुन्हा पुश. येथे क्रम महत्त्वाचा : आधी निघालेली संख्या उजवी, नंतरची डावी. ‘२० ८ ३ − ÷’ मध्ये प्रथम ८ − ३ = ५, मग २० ÷ ५ = ४. दोन्ही वेळा क्रम उलटला तर −०.२५ येते. बेरीज-गुणाकारात ही चूक लपून राहते, म्हणून चाचणीसाठी वजाबाकी वा भागाकार घ्यावा. चिन्हाच्या वेळी स्टॅकमध्ये दोन संख्या नसतील, किंवा अखेरीस एकाहून अधिक उरल्या, तर पदावली सदोष असते. ऋण संख्येच्या उणे चिन्हाला वेगळी खूण द्यावी लागते, कारण तेच चिन्ह वजाबाकीचेही आहे.

वेळ पदावलीच्या लांबीच्या प्रमाणात लागतो. जागा मात्र मांडणीवर अवलंबून असते. ‘१ २ ३ ४ + + +’ ला चार जागा लागतात, ‘१ २ + ३ + ४ +’ ला दोनच.

इन्फिक्सवरून (चिन्ह मध्ये असलेल्या नेहमीच्या लेखनावरून) पोस्टफिक्समध्ये रूपांतराची संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांची रीत १९६१ ची. एचपी-३५ हे खिशातील गणकयंत्र (१९७२), फोर्थ व पोस्टस्क्रिप्ट या भाषा आणि जावाचे आभासी यंत्र ही उपयोगाची परिचित उदाहरणे.