द आउल हू मॅरिड अ गूज

कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाने १९७४ मध्ये काढलेला, इन्युइट (आर्क्टिक प्रदेशातील मूळ रहिवासी) लोककथेवरचा कृष्णधवल अॅनिमेशन लघुपट. लांबी साधारण साडेसात मिनिटे. दिग्दर्शन कॅरोलिन लीफ यांचे. उत्तर कॅनडातील इन्युइट चित्रकार नानोगाक यांचा चित्रांच्या कामात सहभाग होता.

घुबडाचा जीव एका हंसीवर जडतो. दोघांचा संसार सुरू होतो, पिल्ले होतात. हिवाळा तोंडावर येताच हंसी पिल्लांना घेऊन दक्षिणेकडे निघते आणि घुबड हट्टाने त्यांच्यामागे जाते. हंस दमले की पाण्यावर उतरून विसावतात. घुबडाला तरंगता येत नाही, आणि टेकायला जमीन कुठेच नसते. ते बुडते. आर्क्टिकचे पक्षिजीवन जवळून पाहणाऱ्यांनी रचलेली ही कथा आहे, हे पदोपदी जाणवते. तिथले हंस खरोखरच थंडीत दूर दक्षिणेला जातात, तर काही हिमघुबडे कडाक्याच्या हिवाळ्यातही उत्तरेतच राहतात.

लघुपट वाळूत घडवलेला आहे. खालून उजेड सोडलेल्या काचेवर वाळू पसरायची, बोटांनी सारून आकार काढायचा, वर लावलेल्या कॅमेऱ्याने टिपायचा आणि लगेच तोच आकार किंचित बदलायचा. वाळू दाट असेल तिथे काळोख, सरकवली की उजेड. पुढचे चित्र आधीचे मोडूनच तयार होत असल्याने चुकलेली हालचाल सुधारायला मागे जाता येत नाही. एवढ्या कष्टांतून आलेले पक्षी मात्र सहज हलतात: घुबडाची बोजड चाल आणि हंसीच्या मानेचा लवचीक बाक नुसत्या काळ्या छायाकृतींतूनही लगेच ओळखू येतो.

आवाजाची बाजूही तितकीच मोलाची आहे. निवेदक नाही. पक्ष्यांचे आवाज इन्युइट कलाकारांनी स्वतःच्या गळ्यातून काढले आहेत. पक्ष्यांची हुबेहूब नक्कल शिकारीवर जगणाऱ्या या समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. भाषा न कळणाऱ्या मुलालाही त्यातली लाडीगोडी आणि घाबरगुंडी समजते.

मुलांसोबत पाहण्याजोगा हा लघुपट शेवट गोड करत नाही, आणि ते योग्यच आहे. मूळ कथेचा जीवच त्या शेवटात आहे.

नॅशनल फिल्म बोर्डातच अॅनिमेशनपटांचे दिग्दर्शक को हूडमन यांनीही इन्युइट कथांवर लघुपट केले. त्यांपैकी १९७३ चा ‘द आउल अँड द रेव्हन’ कावळ्याच्या काळ्या रंगाची कथा सीलच्या कातडीच्या बाहुल्यांतून सांगतो.