दहा एकरांतलं फूल आणि खालचं लिथियम

अमेरिकेच्या नेवाडा राज्यातली ऱ्हायोलाइट रिज लांबून अगदी उजाड दिसते. पांढुरकी चिकणमाती, वर खडे. जवळ गेलं की जमिनीला चिकटलेले निळसर-राखाडी पानांचे ठोंब दिसतात. मे-जूनमध्ये त्यांतून बारीक दांडे वर येतात आणि टोकाला फिकट पिवळ्या फुलांचे गेंद धरतात. हे 'टीम्स बकव्हीट', शास्त्रीय नाव एरिओगोनम टीमी. आपल्या आंबट चुक्याच्याच कुळातलं.

वनस्पतिशास्त्रज्ञ अर्नोल्ड टीम यांना ते १९८३ मध्ये सापडलं. नैसर्गिकरीत्या ते जगात दुसरीकडे कुठेच उगवत नाही आणि इथलीही सगळी वस्ती मिळून जेमतेम १० एकर. या मातीत बोरॉन आणि लिथियम भरपूर. बोरॉन जास्त झालं की बहुतेक झाडांची पानं कडेने करपतात. हे मात्र तिथे तग धरून आहे. पण त्याच लिथियमसाठी एका ऑस्ट्रेलियन कंपनीला तिथे उघडी खाण हवी आहे.

२०२० च्या सप्टेंबरमध्ये हजारो रोपं उखडलेली सापडली. संशय साहजिकच माणसांवर गेला. कुरतडलेल्या मुळांवरच्या डीएनएने वेगळंच सांगितलं: हे काम खारींसारख्या प्राण्यांचं होतं. कोरड्या वर्षात त्यांनी ओलाव्यासाठी मुळं खाल्ली असावीत. एवढ्याशा वस्तीला एक वाईट हंगामही किती महाग पडतो, ते तेव्हा कळलं.

डिसेंबर २०२२ मध्ये वनस्पतीला 'संकटग्रस्त' दर्जा मिळाला आणि ९१० एकर क्षेत्र तिचा महत्त्वाचा अधिवास ठरलं. फूल १० एकरांत, मग संरक्षण ९१० एकरांना कशाला? कारण बी धरण्यासाठी माश्या, गांधीलमाश्या, भुंगेरे लागतात आणि ते आसपासच्या झुडपांत, जमिनीत राहतात. म्हणून ठोंबांभोवतीचा सुमारे ५०० मीटरचा पट्टाही अधिवासात धरला.

ऑक्टोबर २०२४ मध्ये खाणीला मंजुरी मिळाली. गंमत म्हणजे दर्जा देणारी आणि मंजुरी देणारी, दोन्ही कार्यालयं एकाच खात्याची. खड्डा ठोंबांवर येणार नाही, असं कंपनी सांगते. रोपं वाढवायला तिने ग्रीनहाऊसही उभारलं आहे. विजेच्या गाड्यांना लिथियम लागणार, हे खरंच. पण खाणीने या ९१० एकरांचाही एक हिस्सा जाणार आहे. ठोंब कुंपणात सुरक्षित आणि परागकण आणणारे कीटक गायब, अशी वेळ आली तर त्या कुंपणाचा उपयोग काय? पर्यावरणवादी संघटना मंजुरीविरुद्ध न्यायालयात गेल्या आहेत.