कामाच्या ठिकाणची मुखपट्टी

धूळ, धूर किंवा रोगजंतू असलेल्या हवेत काम करणाऱ्याने नाक-तोंड झाकण्यासाठी वापरायचे साधन, व्यवहारात मास्क. खडीच्या क्रशरवर नाकावर घट्ट ओढलेला पदर किंवा रुमाल या व्याख्येत बसवू नये, कारण सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार जडवणारे गारगोटीचे कण इतके सूक्ष्म असतात की ते कापडाच्या विणीतून सहज आत जातात आणि फुप्फुसात खोलवर बसतात. हा आजार बरा होत नाही, म्हणूनच हा फरक महत्त्वाचा आहे.

भारतीय मानक आयएस ९४७३ कणरोधक मास्कसाठी आहे. त्यातील एफएफपी१, एफएफपी२ व एफएफपी३ या श्रेणी अनुक्रमे किमान ८०, ९४ व ९९ टक्के कण अडवतात, पण मास्क चेहऱ्याला चिकटून बसला तरच. दाढीचे खुंट वाढले की कडेने फट पडते. वापरलेल्या मास्कच्या आत नाकाशेजारी धुळीची रेघ दिसली, तर हवा गाळणीतून न येता तिथूनच येत होती असे समजावे. विषारी वायू साचलेल्या किंवा प्राणवायू कमी असलेल्या टाकीत असा मास्क निरुपयोगी असतो. तेथे नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३६ नुसार श्वसनयंत्र व कमरपट्टा लागत असे आणि पट्ट्याला बांधलेल्या दोराचे टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हाती असावे लागे.

मास्क वाटले म्हणजे जबाबदारी संपली, हा मालकवर्गातील समज कायद्याला धरून नव्हता. याच अधिनियमाचे कलम १४ धूळ श्वासावाटे आत जाऊ नये आणि कामाच्या खोलीत साचू नये यासाठी परिणामकारक उपाय करण्यास सांगत असे, आणि शोषणयंत्रणा लागत असेल तर ती धूळ उठते त्या जागेच्या शक्य तितकी जवळ बसवायला लावत असे. पाण्याचा फवारा, बंदिस्त यंत्र, शोषण हे आधी, मास्क त्यांच्यानंतर. कलम ११४ प्रमाणे पुरवलेल्या साधनांचे पैसे कामगाराकडून घेता येत नसत. कलम १११ कामगारालाही ती साधने वापरण्यास बांधून घेत असे.

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात कामगाराचे आरोग्य हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग मानला आणि प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा ती सुटल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जे उशिरा संपेल तोवर जपण्याचा आदेश दिला. श्वासावाटे गेलेल्या धुळीचे आजार काम सोडल्यावर कित्येक वर्षांनी उघड होतात आणि तेव्हा कामगाराच्या हाती दुसरा पुरावा उरलेला नसतो.

कोविड काळात केंद्राने १५ एप्रिल २०२० च्या आदेशाने कामाच्या ठिकाणी चेहरा झाकणे सक्तीचे केले. महाराष्ट्रात ही सक्ती २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याला, उठली. तिचा पाया साथनियंत्रण हा होता, कारखान्यातील धूळ नव्हे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून कारखाने अधिनियमाच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० लागू झाली. सुरक्षिततेसाठी केलेल्या व्यवस्थेचा खर्च कामगारावर न टाकण्याचे बंधन तिने कायम ठेवले. मात्र विजेवर चालणाऱ्या उद्योगाला ‘कारखाना’ ठरवणारी कामगारसंख्या १० वरून २० वर नेली.