तोडलेला ऊस, एप्रिलचे ऊन आणि इन्व्हर्टेज

मार्च-एप्रिलमध्ये वाळवा किंवा कराड तालुक्यातला ऊस तोडून दोन-तीन दिवस फडात अथवा कारखान्याच्या रांगेत पडून राहिला, की ‘वजन घटले खरे, पण पाणी आटल्याने रस दाट आणि गोड झाला’ असे समाधान ऐकायला मिळते. यातील पहिला भाग बरोबर आहे. दुसरा भाग जिभेलाच नव्हे, तर ब्रिक्स मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरलाही पटतो आणि म्हणूनच तो जास्त फसवा आहे. कारण ते उपकरण रसात विरघळलेले सगळेच पदार्थ मोजते, त्यांत साखर किती उरली हे त्याला कळत नाही.

उसातील साखर म्हणजे सुक्रोज. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन लहान शर्करांच्या जोडातून तिचा रेणू बनतो. पाण्याचा एक रेणू वापरून हा जोड तोडणारे इन्व्हर्टेज नावाचे विकर, म्हणजेच एन्झाइम, उसाच्या पेशींतच असते. पक्व कांड्यांत ते एरवी मंद असते. कोयता लागला की पानांकडून येणारी साखर थांबते, पेशींचे श्वसन मात्र चालू राहते आणि इन्व्हर्टेजचे काम वाढते. १०० ग्रॅम सुक्रोज पूर्ण तुटले तर पाणी धरून सुमारे १०५ ग्रॅम लहान शर्करा मिळतात. त्यांतील फ्रुक्टोज सुक्रोजहून गोड असते, त्यामुळे चव टिकून राहते. पण या शर्करा कारखान्याच्या पोत्यात न जाता मळीत जातात आणि उतारा, म्हणजे उसापासून मिळणाऱ्या साखरेचे प्रमाण, पडतो.

या साऱ्यात तापमानाचा वाटा किती? पाण्यात विरघळलेले सुक्रोज विकराशिवाय आपोआप तुटायला शेकडो वर्षे लागतील, कारण जोड तुटण्यापूर्वी रेणूंना ऊर्जेचा एक उंबरठा ओलांडावा लागतो. त्याला सक्रियण ऊर्जा म्हणतात. विकर हा उंबरठा पुष्कळ खाली आणते, नाहीसा करत नाही. आता तापमान २७ अंश सेल्सिअसवरून ३७ अंशांवर गेले असे धरू. निरपेक्ष मापनात हा बदल ३०० केल्व्हिनवरून ३१० केल्व्हिनवर जाण्याचा आहे, म्हणजे रेणूंची सरासरी ऊर्जा जेमतेम ३ टक्क्यांनी वाढते. तरीही अभिक्रियेचा वेग जवळपास दुप्पट होतो. वर्गाची सरासरी दोन-तीन गुणांनी वाढली तर मधल्या मुलांत फारसा फरक दिसत नाही, पण पंच्याण्णवच्या पुढे गेलेल्यांची संख्या दुपटीवर जाऊ शकते. तसेच येथे घडते, कारण उंबरठा ओलांडणारे रेणू नेहमी त्या टोकाचेच असतात. सक्रियण ऊर्जा प्रति मोल ५० किलोज्यूल धरली तर गणिताने ही वाढ १.९ पट येते. याच हिशेबाने, डिसेंबरच्या पहाटे १५ अंशांना जेवढी साखर तुटेल, त्याच्या सुमारे चौपट साखर एप्रिलच्या दुपारी ३५ अंशांना तेवढ्याच वेळात तुटते.

पाठ्यपुस्तकातील आलेखात तापमानानुसार विकराच्या वेगाची रेषा चढते, शिखर गाठते आणि कोसळते. यीस्टमधील इन्व्हर्टेजचे शिखर ५० ते ६० अंशांच्या आसपास असते. त्यापुढे प्रथिनाची घडी सांभाळणारे दुर्बळ बंध सुटू लागतात आणि विकर निकामी होते. परंतु ट्रॉलीतल्या उसाला ही उतरण भेटतच नाही. आपल्याकडचा कडकातला कडक उन्हाळाही चढणीवरच असतो. उतरण येते ती गुऱ्हाळाच्या काहिलीत. तेथे विकर लवकरच मरते, पण आम्ल रसात उष्णतेनेही सुक्रोज तुटत राहते आणि रसात योग्य प्रमाणात चुना घालण्यामागे हे एक मोठे कारण आहे. शिळ्या उसाचा गूळ नीट बसत नाही, ढेप मऊ राहते आणि पावसाळ्यात पाझरते, ती याच लहान शर्करांमुळे.

या विकराला विज्ञानाच्या इतिहासातही मानाचे स्थान आहे. लिओनोर मायकेलिस आणि मॉड मेंटेन यांनी १९१३ मध्ये बर्लिनमध्ये विकरांच्या वेगाचे प्रसिद्ध समीकरण मांडले, ते इन्व्हर्टेजवरच्या प्रयोगांतून. आणि ते प्रयोग तापमान २५ अंशांवर स्थिर ठेवून केलेले होते. मोजमापासाठी त्यांनी ध्रुवणमापी वापरला. सुक्रोजचे द्रावण ध्रुवित, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या, प्रकाशाचे प्रतल उजवीकडे वळवते, तर तुटल्यानंतरचे मिश्रण डावीकडे. कारखान्याच्या प्रयोगशाळेतील ‘पोल’, म्हणजे रसातील सुक्रोजचा अंदाज, याच तत्त्वावर निघतो, म्हणून शिळ्या उसात ब्रिक्स चढलेला आणि पोल घसरलेला दिसतो.

‘जिवंत एन्झाइम’ असलेल्या कच्च्या रसांची हल्ली बरीच जाहिरात होते. निरोगी माणसाच्या लहान आतड्यात सुक्रोज तोडणारे सुक्रेज मुळातच असते आणि ३७ अंशांना ते आपले काम चोख करते. त्यासाठी वेगळी बाटली विकत घेण्याचे कारण नाही.

तोडलेल्या मोळ्या पाचटाने झाकणे, त्यांवर पाणी शिंपडणे आणि शक्यतो २४ तासांच्या आत ऊस कारखान्याच्या गव्हाणीत, म्हणजे गाळपाकडे नेणाऱ्या पट्ट्यावर, टाकणे, हे उपाय उसाचे तापमान आणि विकराला मिळणारा वेळ कमी करतात. मात्र एक अडचण उरते. कापलेल्या टोकांतून ल्युकोनोस्टॉक हे जिवाणू शिरतात, सुक्रोजपासून डेक्स्ट्रान नावाचा बुळबुळीत पदार्थ बनवतात, आणि हे डेक्स्ट्रान प्रकाशाचे प्रतल सुक्रोजच्या जवळपास तिप्पट उजवीकडे वळवते. त्यामुळे अशा रसाचा पोल प्रत्यक्षातील साखरेपेक्षा जास्त येतो.