निसर्गप्रेरित बासरीवादन, मुंबईतील

ऋतू, दिवसाचे प्रहर, पाऊस, वारा, डोंगरदऱ्या आणि पक्ष्यांचे आवाज या विषयांवर बासरी हे प्रमुख वाद्य योजून केलेल्या शब्दविरहित वादनास निसर्गप्रेरित बासरीवादन म्हणता येईल. शास्त्रग्रंथांत हा स्वतंत्र प्रकार म्हणून सांगितलेला नाही. रागसंगीत, आकाशवाणीचा वाद्यवृंद, चित्रपट व माहितीपटांचे पार्श्वसंगीत आणि ध्वनिमुद्रिका यांच्या मिश्रणातून तो विसाव्या शतकाच्या मध्यापासून आकारास आला, आणि त्याची बरीचशी घडण मुंबईत झाली. गुराख्याच्या हातातले म्हणून ओळखले जाणारे हे वाद्य व्यवसाय म्हणून उभे राहिले ते मात्र बंद दारांच्या ध्वनिमुद्रणगृहांत, हा विरोधाभास या वादनाच्या इतिहासात जागोजागी दिसतो.

महाराष्ट्रात पावा, मुरली, वेणू ही नावे रूढ आहेत. अलगूज हे तोंडाशी उभे धरून वाजवायचे निराळे वाद्य होय. रानात वाजणारा पावा आखूड आणि चढ्या स्वराचा असतो, तर मैफलीची बासरी लांब आणि खर्जाकडे झुकणारी असते. हा बदल मुख्यतः पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी घडवला. बारिसाल (आता बांगलादेशात) येथे जन्मलेले घोष १९४० मध्ये मुंबईत आले, चित्रपटांसाठी काम करू लागले आणि १९४७ पासून सरोदवादक अल्लाउद्दीन खाँ यांच्याकडे शिकले. ख्यालगायनातील रागाचा संथ विस्तार पेलेल अशी सुमारे ३२ इंच लांबीची बासरी त्यांनी सिद्ध केली; तीव्र मध्यमासाठी सातवे छिद्र पाडण्याचे श्रेयही त्यांनाच दिले जाते. लांब पेरांचा, पातळ भिंतीचा बांबू आसामकडून येतो आणि उत्तर प्रदेशातील पिलीभीत येथे तापलेल्या सळईने छिद्रे पाडून त्याच्या बासऱ्या होतात. फुंकीचा झोत छिद्राच्या कडेवर आपटून नळीतील हवेचा स्तंभ कंप पावतो. या आवाजात वरचे उपस्वर तुलनेने कमी असल्याने तो मऊ आणि काहीसा दूरचा भासतो, आणि वारा किंवा शीळ यांच्याशी त्याचे नाते ऐकणाऱ्याला आपोआप जाणवते.

घोष यांनी ‘ऋतुराज’सारख्या वाद्यवृंदरचना केल्या आणि १९५६ मध्ये ते दिल्लीला आकाशवाणीच्या राष्ट्रीय वाद्यवृंदाचे संचालक झाले. मुंबईत त्यांच्यामागे जो मार्ग उरला तो माहितीपटांचा. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजन या सरकारी संस्थेचे लघुपट चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाआधी दाखवणे बंधनकारक होते. शेती, धरणे, अरण्ये आणि वन्यजीव यांवरील या पटांना सतत संगीत लागे. बासरीवादक विजय राघव राव (१९२५–२०११) यांनी तेथे दीर्घकाळ संगीताची धुरा वाहिली. पक्ष्यांच्या शिकारीसाठी सौराष्ट्रात गेलेल्या रेल्वे अधिकाऱ्याची कथा सांगणाऱ्या ‘भुवन शोम’ (१९६९) या चित्रपटाचे संगीतही त्यांचेच. घोष यांचे शिष्य रघुनाथ सेठ (१९३१–२०१४) हेही माहितीपटांच्या संगीताशी निगडित होते. पडद्यावर झाड हलले की बासरी, हा संकेत प्रेक्षकांच्या कानांत या काळातच पक्का बसला. त्याचा पुढे अतिरेक झाला, हेही खरे.

या क्षेत्रातील सर्वांत प्रभावी कृती म्हणजे एच.एम.व्ही. या कंपनीने १९६७ मध्ये काढलेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका. काश्मीरमधील मेंढपाळाचा एक दिवस तीत पहाटेपासून रात्रीपर्यंत रागांच्या क्रमाने मांडलेला आहे: अहिर भैरवपासून सुरुवात, शेवटी पहाडी. संतूरवर शिवकुमार शर्मा, गिटारवर ब्रिजभूषण काब्रा आणि बासरीवर हरिप्रसाद चौरसिया असे तिघे तरुण वादक तीत होते. दरीचा भास निर्माण करण्यासाठी तीत प्रत्येक प्रहराला ठरावीक राग मानणाऱ्या रागव्यवस्थेवर भर आहे, आणि म्हणूनच ती अजून शिळी वाटत नाही.

चौरसिया (जन्म १९३८, अलाहाबाद) यांचा व्यावसायिक प्रवास या क्षेत्रातील वाटचालीचा नमुना म्हणून पाहता येतो. १९५७ मध्ये कटक आकाशवाणीत नोकरी, तेथून मुंबई केंद्रात बदली, मग चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत दिवसरात्र वादन, आणि भरपूर काम हाताशी असतानाच अल्लाउद्दीन खाँ यांच्या कन्या अन्नपूर्णादेवींकडे पुन्हा आरंभापासून शिक्षण असा तो क्रम आहे. त्यासाठी त्यांनी बासरी धरण्याची बाजूही बदलली. पुढे शिवकुमार शर्मांसह ‘शिव–हरी’ या नावाने त्यांनी ‘सिलसिला’ (१९८१) पासून चित्रपटसंगीत दिले, आणि जुहू येथे वृंदावन गुरुकुल उभारले. त्यांचे पुतणे राकेश चौरसिया यांना २०२४ मध्ये झाकीर हुसेन, बेला फ्लेक आणि एडगर मायर यांच्यासह ग्रॅमी पुरस्कार मिळाले. अन्नपूर्णादेवींच्याच शिष्यांपैकी नित्यानंद हळदीपूर यांनी मात्र घोष परंपरेचे गंभीर रागवादन मुंबईत जपले.

बासरीवादकाच्या उत्पन्नाचे मार्ग मैफल, आकाशवाणीची श्रेणी, शिकवण्या आणि ध्वनिमुद्रणाची बोलावणी असे विखुरलेले असतात. १९९० च्या दशकात कॅसेट व सीडी कंपन्यांनी ध्यान, योग आणि निद्रा यांसाठी पाण्याच्या किंवा पावसाच्या आवाजावर बासरी बसवून संच काढले. आज त्यांची जागा ऑनलाइन प्रसारणाने घेतली आहे, आणि तासभराचा आलाप पाच मिनिटांत आटोपण्याचा दबाव वाढला आहे. शब्दच नसल्याने अशा वादनात रचनाकार आणि वादक बहुधा एकच असतो. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने रचनाकाराचा मानधनावरील हक्क बळकट केला. १९६९ पासून मुंबईत असलेली आय.पी.आर.एस. ही संगीत-रचनाकारांची संस्था त्याची वसुली करते. तथापि उत्स्फूर्त वादनातील रचना कोणती आणि सादरीकरण कोणते, हे ठरवणे सोपे नसते.

निसर्गाचे अनुकरण कितपत शक्य आहे, हा जुनाच प्रश्न. परंपरेने पंचम कोकिळेला दिला आहे, पण मे महिन्यात दादर–माटुंग्याच्या झाडांवरून ओरडणारा कोकीळ एका स्वरावर थांबत नाही. प्रत्येक हाकेसरशी तो वर वर चढत जातो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पावसाळ्यात ऐकू येणारा मलबारी कस्तुर माणसासारखी शीळ घालतो, तीही कोणत्या रागात बसत नाही. म्हणून जाणते वादक पक्ष्याची नक्कल करण्याऐवजी मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणे) आणि श्वासाचे चढउतार यांतून वातावरण उभे करतात. पाऊस वाजवायचा तर मेघ किंवा मियाँ मल्हार हाताशी असतोच.

मुंबईच्या हवेचा बासरीवर होणारा परिणाम मात्र अगदी प्रत्यक्ष असतो. तापमान वाढले की हवेतील ध्वनीचा वेग वाढतो आणि स्वर चढतो. घामाच्या ३० अंशांतून वीस अंशांच्या वातानुकूलित ध्वनिमुद्रणगृहात आलेली बासरी सुमारे पाव ते एक तृतीयांश अर्धस्वराने उतरते. फुंकीने ती थोडी सावरता येते, पण तानपुरा आधीच यंत्रावर लावून ठेवलेला असेल तर ते पुरत नाही. त्यामुळे वादक पांढरी तीनच्या (हार्मोनियमवरील तिसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या स्वराच्या) एका बासरीऐवजी दोन-तीन बासऱ्या पिशवीत बाळगतात आणि ध्वनिमुद्रणापूर्वी नळीत काही वेळ नुसती फुंक घालून ती उबवून घेतात.